अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र

गुरुवार, रात्री
मोहननगर, नागपूर

नवतपा लागलाय. रात्रीचे दहा वाजून गेले तरी कूलर नुसती गरम हवा फेकतोय. आई सारखी विचारते, "तिकडे एवढं तापत नाही ना गं?" नाही तापत. आफ्रिकेतल्या मलावीतलं ब्लांटायर उंचावर आहे, जूनमध्ये तिथे स्वेटर लागतो.

संध्याकाळी पाळकसाहेब येऊन गेले. रविवारच्या उपासनेत मी साक्ष द्यावी असं त्यांचं म्हणणं. दहा मिनिटं. जाताना दारात थांबून म्हणाले, "लोकांना उभारी येईल असं सांग, बेटा."

साक्ष कशी असते ते लहानपणापासून ऐकत आलेय. संकट आलं, प्रार्थना केली, प्रभूने मार्ग काढला. माझ्या आजीची साक्ष अशीच होती आणि तिचा एकेक शब्द खरा होता. मलावीत मलाही बळ मिळालं, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण ते या वाटेने आलं नाही. कोणत्या वाटेने आलं, ते आधी इथे लिहून पाहते.

कॉलऱ्याची साथ मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. खरा तडाखा बसला तो त्यानंतरच्या पावसाळ्यात, २०२३च्या जानेवारी-फेब्रुवारीत. तिकडे पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो. विहिरी, शेतं, संडास सगळं पाण्याखाली एक होतं, आणि नेमके तेच महिने धान्य संपल्याचे, उपासमारीचे असतात. त्या साथीत देशभरात १,७०० हून अधिक माणसं गेली. मलावीने याआधी कॉलऱ्यात इतके मृत्यू कधी पाहिले नव्हते. वेळेवर सलाइन मिळालं तर कॉलऱ्याच्या शंभर रुग्णांमागे एकसुद्धा दगावू नये. तिथे तीन दगावत होते.

आमच्या मिशन दवाखान्याच्या आवारात ताडपत्रीचा वॉर्ड उभा केला होता. कॉलऱ्याच्या खाटेला मधोमध भोक असतं आणि खाली बादली. बादलीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं. मोठा माणूस पार कोरडा पडून आला, की पहिल्या तीन तासांत किलोमागे शंभर मिलिलिटर रिंगर लॅक्टेट हे सलाइन द्यायचं, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला पाच लिटर. त्यातला जवळपास तिसरा हिस्सा पहिल्या अर्ध्या तासातच. शीर सापडत नाही, हात गार, डोळे खोल गेलेले. आणि सलाइन नीट चाललं, की तासाभरात तोच माणूस पाणी मागतो. हे पाहिलं, की हातांना थकवा कळत नाही. जे उशिरा आले त्यांचं मात्र काही करता येत नव्हतं.

त्या मुलाला बैलगाडीतून आणलं होतं. सोळा-सतरा वर्षांचा असेल. दोन्ही हातांना सुया लावल्या, बाटल्या दाबून दाबून दिल्या. पहाटेच्या आत गेला.

त्याची आई कुंपणाबाहेर होती. तिकडे मृत देहाला घरच्यांनी आंघोळ घालायची, रात्रभर बायकांनी गाणी म्हणत बसायचं, ही रीत. कॉलऱ्यात ते सगळं बंद. देहावर दोन टक्क्यांचं क्लोरीन, मग प्लॅस्टिकची पिशवी, आणि सोबत मोजकी माणसं. तिने माझ्याकडे हाताने खूण करून विचारलं, फक्त तोंड पुसू दे. नाही म्हणायचं काम माझं होतं. मी नाही म्हटलं. नियम बरोबर होता, आजही बरोबरच म्हणेन. तिचं लुगड्यासारखं नेसलेलं वस्त्र चिखलात लोळत होतं आणि ती देवाला हाक मारून, आवाज चढवून, जाब विचारत होती. आजूबाजूच्या बायकांनी तिला गप्प केलं नाही. त्या नुसत्या तिच्याजवळ बसून राहिल्या.

खोलीवर येऊन गुडघे टेकले, पण प्रार्थनेला शब्द येईनात. पुढे कितीतरी दिवस येईनात.

शुक्रवार

सकाळी सदरला गेले होते, येताना हिस्लॉप कॉलेजवरून आले. नागपुरात हे नाव येता-जाता घेतलं जातं, पण स्टीफन हिस्लॉप हा माणूस फारसा कुणाच्या ध्यानात नसतो. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्याला इथे पाठवलं, १८४५ साली आला. शाळा काढली, इथले दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या भाषा आणि कथा टिपून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेला. त्याच फ्री चर्चने १८७५ मध्ये मलावीच्या सरोवराकाठी मिशन सुरू केलं. केप मक्लिअरला त्या पहिल्या लोकांची थडगी मी पाहिली आहेत. मलेरियाने एकामागून एक गेले. १८८१ मध्ये ते मिशन तिथून उत्तरेला बांदावेला हलवलं, तोवर बाप्तिस्मा घेणारा स्थानिक माणूस एकच. त्या थडग्यांपाशी उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, की यांनी घरी लिहिलेल्या पत्रांत काय असेल आणि रात्री देवाशी बोलताना काय असेल, यांत मोठं अंतर असणार.

आता स्तोत्राचं.

प्रार्थना होईना, म्हणून मी नुसतं वाचन चालू ठेवलं. बायबलमधली स्तोत्रसंहिता क्रमाने, रोज रात्री एक, मन लागो न लागो. संडे स्कूलमध्ये लावलेली सवय. त्या क्रमात एका रात्री अठ्ठ्याऐंशीवं आलं. आधी वाचलं नव्हतं असं नाही, पण त्यावर कधी थांबले नव्हते, आणि त्यावर उपदेशही कधी ऐकल्याचं आठवत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास विलापाची आहेत. बहुतेकांचा शेवट वळतो: रडून झाल्यावर स्तुती येते, भरवसा येतो. अठ्ठ्याऐंशीव्यात वळण नाही. माणूस रात्रंदिवस ओरडतोय, देवाने तोंड लपवलंय, मित्र-सोबती दूर केलेत, आणि शेवट अंधारात. तिथेच स्तोत्र संपतं.

टॉर्चच्या उजेडात मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात कुणी ठेवलं? ज्यांनी ठेवलं, त्यांना त्याला एखादी आशेची ओळ जोडावीशी वाटली नाही. तो माणूस देवाबद्दल तक्रार करत नाही, देवापाशी करतो. पहिल्याच ओळीत तो त्याला आपला उद्धारक म्हणतो आणि मग शेवटपर्यंत भांडतो. उठून जात नाही. कुंपणाबाहेरची ती आई हेच स्तोत्र म्हणत होती, हे मला त्या रात्री उमगलं.

आपल्याकडे हे नवीन आहे का? तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले, आणि त्यांनी विठोबाला सुनवायचं काही बाकी ठेवलं नाही. नारायण वामन टिळक तर म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत त्यांच्या हाती नवा करार पडला, ते १८९३ साल. म्हणजे या वाटेवरचं एक स्टेशन आपलंच गाव. आणि तरी आम्ही मंडळीत उभं राहून नुसतंच गोड का बोलतो, हा प्रश्न मला फार दिवस छळतोय. ज्याचं घर बसलंय असा माणूस त्या बाकांवर दर रविवारी असतोच. त्याच्या हातात आम्ही काय देतो?

त्या रात्रीनंतर मी भांडू लागले. मराठीत, मोठ्याने, पावसाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने. त्या मुलाचं नाव घेऊन विचारलं. उत्तर आलं नाही. पण सकाळी उठून बादल्या उचलायची ताकद आली, आणि दुसऱ्या दिवशीही आली. याला मी बळ म्हणते. मन शांत झालं नव्हतं, तरी ते होतं.

मार्चमध्ये फ्रेडी वादळ आलं. ऑस्ट्रेलियाच्या बाजूला उठलेलं, अख्खा हिंदी महासागर ओलांडून महिनाभराहून जास्त फिरत राहिलेलं. ब्लांटायरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या रातोरात मातीखाली गेल्या, देशात सहाशेहून अधिक मृत्यू. त्याबद्दल आज लिहवत नाही. एवढंच, की तेव्हा मला प्रार्थनेसाठी शब्द शोधावे लागले नाहीत.

शनिवार

पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं, वाचनाला अठ्ठ्याऐंशीवं घेऊ. ते जरा थांबले. मग म्हणाले, "आपल्या मंडळीत गेल्या महिन्यात तरुण मुलगा गेलाय, ते आईबाप येतात." मी म्हटलं, "म्हणूनच." ते हो म्हणाले. त्यांचा मान वाढला माझ्या मनात.

आणि त्या आईचं सांगणार आहे. पाऊस ओसरल्यावर तिथल्या पाळकांबरोबर मी तिच्या घरी गेले होते. तिला बघवेल का मला, ही धास्ती होतीच. तिने चटई टाकली. रडली नाही. पाळकांच्या तोंडून एकेक प्रश्न विचारत गेली. जाताना त्याच्याजवळ कोण होतं? मी होते. डोळे मिटलेले होते का? हो, मी मिटले. पिशवीत तोंड कोणत्या बाजूला होतं? वरच्या बाजूला, सरळ. त्याला कुणी नावाने हाक मारली का? मारली, हे मी सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग तिने प्रार्थना केली. लांबलचक, आणि अर्ध्याहून जास्त रागाची. पाळक माझ्या कानाशी जेवढं सांगू शकले तेवढं सांगत होते. आम्ही आमेन म्हटलं. तिने न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि सुक्या मासळीचं कालवण वाढलं, पानात दुसऱ्यांदा वाढलं, आणि मी जेवत असतानाच विचारलं, की वरच्या आळीतल्या विहिरीत क्लोरीन टाकायला तुमची माणसं कधी येणार, कारण तिथली पोरं अजून तेच पाणी पितात.