कयाकवरून समुद्रात मासे धरायचेत, एकच रॉड-रील घ्यायचीय, तर कुठली

मागच्या दोन महिन्यांत चौघांनी हेच विचारलं, दोघं लातूरचे, एक उदगीरचा, एक परभणीकडचा, की दादा मालवणला जायलोय, कयाकवरून मासे धरायचेत, पैसे एकाच सेटपुरते आहेत, कुठला घेऊ. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगत बसलो, म्हणून म्हटलं आता एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

पहिली गोष्ट, एकच घ्यायचा विचार अगदी बरोबर आहे, पैसे असले तरी एकच घ्या. आपण समुद्रापासून एक रात्र लांब राहणारी माणसं, वर्षातून दोनदा, लई झालं तर तीनदा जाणं होतं. दोन दिवसांत हाताला तीन रॉडची सवय होत नाही. ज्या रॉडनं तुम्ही घरी मांजरा धरणाच्या बॅकवॉटरला नाहीतर गावातल्या पाझर तलावावर महिनोन्‌महिने फेकलंय, त्याच रॉडवर समुद्रातला मासा लागला की हात आपोआप बरोबर काम करतो. म्हणून माझी अट अशी की सेट मालवणजवळच्या देवबागच्या खाडीतही चालला पाहिजे आणि इथं मरळीलाही चालला पाहिजे. (तलावाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडं असतो, आधी त्यांना विचारायचं, चोरून जायचं नाही.)

आता खरा मुद्दा. सगळे विचारतात कुठल्या माशासाठी कुठला रॉड. कयाकवर आधी कयाक बघायची, मासा नंतर. हे मला दोन रॉड गमावल्यावर कळलं.

पहिल्या वर्षी मी धरणावरचा सहा फुटी रॉड घेऊन गेलो. कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते त्या बाजूला सकाळी वल्हवत होतो, मागं लूर म्हणजे नकली आमिष सोडलेलं, आणि एक चांगला ट्रेवाली मासा लागला. मजा आली, दहा मिनिटं खेळला, मग जवळ आला आणि कयाक बघून एकदम खाली बुडी मारून नाळेखालून पलीकडं गेला. नाळ म्हणजे कयाकचं पुढचं टोक. आपण मधोमध बसलेलो असतो, पाय पुढं लांब केलेले, उठता येत नाही, आणि टोक आपल्यापासून पाच-सहा फूट पुढं. अशा वेळी रॉड पुढं वाकवून, टोक पाण्यात घालून, लाईन नाळेच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला आणायची असते. सहा फुटी रॉड पुरलाच नाही. लाईन कयाकच्या बुडाला घासत राहिली, दोन सेकंद करकर आवाज आला आणि सुटली. तिथं बुडाला आधीच वाळूनं खरवडून करवतीसारख्या रेघा पडलेल्या होत्या, ब्रेडेड लाईन (बारीक धागे विणून केलेली) किती टिकणार त्यांच्यावर. आणि रॉड तसाच पुढं धरून ठेवला होता, पुढच्याच लाटेला हातातून निसटून तोही गेला. लीश, म्हणजे रॉड कयाकला अडकवून ठेवायची दोरी, बांधलेली नव्हती.

दुसऱ्या वर्षी उलटं केलं, किनाऱ्यावरून फेकायचा नऊ फुटी रॉड नेला. नाळेचा प्रश्न मिटला, पण मासा थकून बाजूला आला तेव्हा हातात येईना. टोक लांब, मासा लांब, म्हणून मी रॉड उभा केला, अजून मागं खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातानं लाईन धरायला गेलो आणि टोकापासून हातभर अंतरावर रॉड काडीसारखा मोडला. रॉड सरळ उभ्याच्या मागं गेला की सगळा भार जाड बुडावरून उतरून बारीक टोकावर येतो, आणि टोक तेवढा भार घेण्यासाठी केलेलंच नसतं. तो मोडलेला तुकडा अजून घरी आहे, कोणी शिकायला आलं की आधी तोच दाखवतो.

म्हणून सात फूट. सहापेक्षा मोठा म्हणून नाळेपुढून फिरतो, नऊपेक्षा लहान म्हणून मासा हाताशी येतो. तुमची कयाक बारा फुटांपेक्षा लांब असेल तर साडेसात घ्या, त्याच्या वर जाऊ नका.

लांबीइतकाच मागचा दांडा बघा, हे दुकानात कोणी सांगत नाही. रीलच्या मागं जो दांडा असतो तो लांब असला की बसल्याजागी लाईफ जॅकेटमध्ये अडकतो, प्रत्येक फेकीला अडकतो. दुकानात खुर्चीवर बसा, रॉड धरा, दांडा कोपरापर्यंत आला पाहिजे, त्याच्या पुढं दोन बोटं चालतील. अगदीच आखूडही नको, कयाकच्या होल्डरमध्ये नीट बसला पाहिजे. मूठ फोमची घ्या, कॉर्क दिसायला छान असतो पण खाऱ्या पाण्यात आणि सुकटीच्या हातात वर्षभरात काळा पडतो.

पॉवर, म्हणजे रॉडचा ताठपणा, मीडियम हेवी, आणि लूरचं वजन १० ते ४० ग्रॅम लिहिलेलं असावं. एवढ्यात बहुतेक सगळं बसतं, मागं सोडून वल्हवायची मिनो (छोट्या माशाच्या आकाराची लूर), ३० ग्रॅमची धातूची जिग (खाली बुडवून झटके द्यायची लूर), जिवंत कोळंबी लावून फ्लोट, आणि घरी मरळीसाठी रबरी बेडूक. शुद्ध कार्बनचा रॉड हलका आणि लई संवेदनशील असतो हे खरं, पण कयाकवर रॉड सारखा आपटतो, वल्ह्याचा फटका बसतो, उतरताना वाळूत पडतो, आणि कार्बनला एकदा बारीक खोक पडली की पुढच्या मोठ्या माशाला तिथूनच तुटतो. एकच रॉड असेल तर फायबर ग्लास मिसळलेला घ्या, थोडा जड लागेल पण टिकेल. आणि कुठलाही रॉड असो, ढग गडगडायला लागले की खाली आडवा ठेवायचा आणि किनारा गाठायचा. वीज काय करते हे आपल्याकडं उन्हाळ्याच्या शेवटी शेतात राबणाऱ्या माणसाला सांगायची गरज नाही.

दोन तुकड्यांचाच घ्या. एका तुकड्याचा जास्त चांगला म्हणणारे लोक समुद्राकाठी राहतात, आपल्याला रात्रभर बसनं जायचंय. सात फुटाचे दोन तुकडे म्हणजे एक-एक साडेतीन फुटाचा, शेतातल्या पीव्हीसी पाईपात मस्त बसतो. मी आधी ७५ एमएमचा पाईप कापला, दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की पहिला मोठा गाईड (रॉडवरची लाईन ओवायची कडी) अडकायला लागला, मग ९० एमएमचा घेतला. एका टोकाला टोपण चिकटवून टाकायचं, दुसऱ्याला नुसतं दाबून बसवायचं, आत जुना टॉवेल कोंबायचा. बसमध्ये वर ठेवा, सीटखाली ठेवा, काही होत नाही.

आता रील. स्पिनिंगच घ्या, म्हणजे रॉडच्या खाली लटकणारी. बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर बसणारी, फेकताना जिचं लाईनचं चाक फिरतं ती रील, चांगली चालवणारे मी बघितलेत, पण वाऱ्यात, बसून, हलणाऱ्या कयाकवरून फेकताना एकदा लाईनचं घरटं झालं की सकाळ गेली, आणि समुद्रावरची सकाळच आपल्या कामाची असते. शाळेत भूगोलात शिकलो ना मतलई वारे आणि खारे वारे, ते तिथं रोज डोळ्यांनी दिसतं, पहाटे वारा जमिनीकडून हळू येतो, दहा-अकरानंतर समुद्राकडून जोर धरतो आणि लाटा उभ्या राहतात. मी अकराच्या आत किनाऱ्याला असतो.

साईज ४०००. पण कंपनी-कंपनीचा ४००० सारखा नसतो, म्हणून आकड्यावर जाऊ नका, स्पूलवर, म्हणजे लाईन गुंडाळायच्या चाकावर, ३० पौंडी ब्रेडेड लाईन २०० मीटर बसते का ते बघा, बसली तर तोच आपला. किनाऱ्यावरून मारणारे म्हणतील ६००० पाहिजे. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे, ते खडकावर उभे असतात, खडक हलत नाही. आपली कयाक हलते. मासा जोरात ओढायला लागला की कयाकच त्याच्या मागं जाते, म्हणजे अख्खी कयाक आणि त्यावरचा माणूस हाच एक ब्रेक असतो, म्हणून लहान रील पुरते. जड रीलनं मात्र दुपारपर्यंत मनगट भरून येतं.

पैसे वाचवायचे तर रॉडमध्ये वाचवा, रीलमध्ये नको. कयाकवर रील पाण्यापासून एक हात उंचीवर असते, दिवसभर शिंतोडे, कधी सरळ बुडी. बॉडी धातूची आणि आत पाणी जाऊ नये म्हणून सील असलेली घ्या. पेन कंपनीची ‘स्पिनफिशर ६’ ही रील आयपीएक्स ५ दर्जाची आहे, ‘स्लॅमर ४’ आयपीएक्स ६ दर्जाची, म्हणजे पाण्याचा फवारा झेलण्याची चाचणी झालेली. बुडवून ठेवायला चालते असा त्याचा अर्थ नाही, हे लक्षात ठेवा. तेवढं बजेट नसेल तर त्याच कंपनीची ‘बॅटल ३’ घ्या, सील तेवढं नाही पण बॉडी धातूची आहे आणि ड्रॅगला, म्हणजे मासा ओढायला लागला की ठरलेल्या जोराला लाईन सोडणाऱ्या ब्रेकला, कार्बनच्या चकत्या आहेत. दुसऱ्या कंपनीची घेतली तरी हेच बघायचं.

ड्रॅग किती लावायचा, यावर सगळे अंदाज सांगतात. अंदाज नको. आमच्याकडं कापूस मोजायचा लटकता काटा आहे, मी तो लिंबाच्या फांदीला अडकवला, लाईनचं टोक त्याच्या हुकाला बांधलं, रॉड पंचेचाळीस अंशात धरून मागं सरकत गेलो आणि लाईन सुटायला लागली तेव्हा काट्यावर किती आलं ते भावाला वाचायला लावलं. ३० पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो, त्याच्या चौथ्या हिश्श्यावर ड्रॅग ठेवायचा, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. साडेतीन किलो ऐकायला कमी वाटतं, हातात धरून बघा, रॉड चांगला कमानीसारखा वाकतो. मी चार-पाच वेळा ओढून बघितलं आणि हाताला ते वजन पाठ झालं, आता कयाकवर नुसती लाईन ओढून कळतं.

तरी पहिली तांबोशी लागली तेव्हा घाबरून ड्रॅग आवळायला गेलोच. शेजारच्या होडीतले मालवणचे काका ओरडले, "रे झिला, आवळू नको, पळांदे तेका जरा, खंय जातलो तो!" काकांचं ऐकलं म्हणून ती तांबोशी कयाकमध्ये आली. पण एक आहे, तांबोशी कांदळवनाच्या मुळांत लागली तर पळू देऊन चालत नाही, पहिल्या पाच सेकंदांत तोंड वळवावं लागतं, तिथं ड्रॅग तिसऱ्या हिश्श्यापर्यंत न्यायचा.

लाईनच्या पुढं ४० पौंडाचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे हुकाआधीचा सहज न कापला जाणारा लाईनचा तुकडा, हातभर तरी पाहिजे. जिताड्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते, ब्रेडेड लाईन लागली की तुटलीच. सुरमईला दात आहेत, तिला वीतभर स्टीलची तार. ब्रेडेड लाईन आणि लीडर जोडायची एफजी नावाची गाठ शिका, आठवडाभर रोज घरी पाच पाच वेळा बांधा, हलत्या कयाकवर शिकता येत नाही. आणि लीश कयाकला बांधायची, अंगाला नाही, उलटलात तर रॉड तुम्हाला ओढता कामा नये.

हा सेट मोठ्या जीटीला (जायंट ट्रेवाली) थांबवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लागला तर अर्धा किलोमीटर फिरवून आणेल आणि तोडून जाईल. चालायचंच.

शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, धुणं. रीलमध्ये सगळ्यात आधी लाईन रोलर जातो, बेलच्या (स्पूलवरच्या उघडझाप होणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाला ते छोटं चाक असतं ना ज्यावरून लाईन वळते, ते. त्यात मीठ बसलं की चाक फिरत नाही, लाईन नुसती घासते, आणि आपण म्हणतो लाईन खराब निघाली. दिवस संपला की ड्रॅग घट्ट करायचा म्हणजे चकत्यांत पाणी जात नाही, वरून हळू गोडं पाणी सोडायचं, नळाचा जोरात फवारा मारायचा नाही, त्यानं मीठ अजून आत ढकललं जातं, मग पुसून ड्रॅग सैल सोडायचा आणि सावलीत वाळवायचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस आम्ही लातूरकर विसरलेलो नाही, म्हणून मुद्दाम मोजलं, रील आणि रॉड दोन्ही मिळून दोन तांबे पाणी पुरतं. पण घरी आल्यावर पुन्हा धुताना बोअरचं पाणी वापरू नका. आपल्या बोअरच्या पाण्यानं बादलीला कसा पांढरा थर बसतो, तोच थर रोलरच्या बेअरिंगमध्ये बसतो. मी दोन वर्षं बोअरच्या पाण्यानं धुवत होतो आणि रोलर का जड होतोय म्हणून समुद्रालाच दोष देत होतो. आता जारचं पाणी वापरतो, वाळल्यावर रोलरला एक थेंब तेल, बस.

उदगीरच्या भावाचा काल फोन होता, सात फुटी दोन तुकड्यांचा रॉड आला, रील पुढच्या आठवड्यात येणार. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र जरा निवळला की दोघं निघणार आहोत, उधाणाचे दिवस टाळून भांगाचे (भरती-ओहोटी कमी असते ते) बघितलेत म्हणजे खाडीत ओढ कमी राहील. तोवर त्याला रोज पाच एफजी बांधून फोटो पाठवायला सांगितलंय. कालच्या पाचातल्या दोन सरकायल्यात.