तुम्ही विचारलंत म्हणून: डॉसच्या बॅच फाइली मी अजून का सांभाळतो

"डॉस कधीचं संपलं, मग त्याच्या बॅच भाषेत नवं काही घालत का बसता? सगळं एकदाच नव्यानं लिहून टाका ना!" धुळ्याला जा की जळगावला, हे कुणीतरी विचारतंच.

चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर अजून डॉसचा, म्हणजे कमांडी टाइप करून चालवायच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, कॉम्प्युटर आहे. कापसाची गाडी काट्यावर चढली की दिवाणजींनी लिहिलेली बॅच फाइल, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या कमांडींची यादी, चालते. रिकामी गाडी परत तोलल्याशिवाय ती पावती काढत नाही. दिवाणजी आता नाहीत. कामाचा तो क्रम त्या फाइलीतच उरलाय.

भाषा मात्र १९८१ सालची, तुटपुंजी. दुसरी बॅच फाइल बोलावून परत येण्याची सोयही १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये आली. साधी बेरीज येत नाही, म्हणून पावतीचा पुढचा नंबर माणूस हातानं टाकायचा आणि नंबर चुकायचे.

जिम हॉल यांनी १९९४ मध्ये फ्रीडॉस, म्हणजे डॉसचा मोफत पर्याय, सुरू केलं. त्यातल्या फ्रीकॉमचा, म्हणजे कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड खुला आहे. मी त्यात 'कॅल्क' नावाची बेरजेची कमांड घातली, घरी तपासली, काट्यावर बसवली. ऐन हंगामात सकाळी फोन आला, "भाऊ, काटा काबर बंद पडना?" गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

कारण सापडायला दुपार झाली. तुम्ही टाइप केलेला शब्द डॉस आधी स्वतःच्या कमांडींत शोधतं, मग डिस्कवरच्या प्रोग्राममध्ये. निव्वळ वजन काढणारा दिवाणजींचा प्रोग्रामही 'कॅल्क' नावाचाच होता. माझ्या कमांडनं त्याची वाट अडवली होती. त्यांच्या फाइलीत काडीची चूक नव्हती, चूक माझी.

तेव्हापासून नवी सोय मी वेगळा प्रोग्राम म्हणूनच देतो, आणि तिचं नाव आधी प्रत्येक जुन्या डिस्कवर शोधून पाहतो. विंडोज एनटीनं हे छान केलंय. प्रोग्राम संपताना जो आकडा मागे ठेवतो, तो बॅच फाइल 'इफ एररलेव्हल' नं तपासते. 'इफ एररलेव्हल ५' म्हणजे पाच किंवा त्याहून जास्त, हा जुना विचित्र अर्थ त्यांनी तसाच ठेवला आणि नेमका आकडा तपासायची सोय शेजारी दिली. जुनी फाइल जशीच्या तशी चालली पाहिजे, यात मी तडजोड करत नाही.

दिवाणजींनी एकही 'रेम' ओळ, म्हणजे माणसांसाठीची टीप, लिहिली नव्हती. कोणती पायरी कशासाठी, हे काट्यावरच्या माणसांना विचारून त्या ओळी आता मी लिहितोय.