नुसतं बघायला

परवा दुपारी शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर पाऊस गाठला आणि मी समोर दिसलेल्या मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात शिरले. घ्यायचं काहीच नव्हतं. अत्तरांच्या काउंटरपाशी एक मुलगी हसत पुढे आली, काय दाखवू म्हणाली. मी सवयीनं सांगितलं, नुसतं बघतेय. 'खुशाल बघा' म्हणून ती बाजूला झाली. एवढंच. पण दुकानातलं कुणी 'खुशाल बघा' म्हणालं की इतकी वर्षं शिकागोकडे काढूनही मला किंचित संशय येतो.

याचं मूळ लक्ष्मी रोडवर आहे. आत्याबरोबर साडी घ्यायला जायचं म्हणजे चपला बाहेर काढून पांढऱ्याशुभ्र गादीवर चढायचं. मला लोडाला टेकून बसायला मिळे, हे माझं आकर्षण. मग गादीवरचे काका वरच्या पोराला नुसती मान वर करून खूण करत आणि वरून साड्यांचे गठ्ठे पडायला लागत. काका एकेक साडी झटक्यात उलगडत, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत. दहा-बारा साड्यांचा ढीग झाला की चहा येई. माझ्यासाठी गोल्डस्पॉट. तो चहा घोटभर प्यायला की आपण बांधले गेलो, हे मला त्या वयातही कळायचं. एवढं पसरलंय, आता घडी कोण घालणार, या विचारानं माझा घसा कोरडा पडे. आत्याला मात्र कसली भीड नव्हती. चहा संपवायची, पदर सावरत उठायची आणि म्हणायची, "छान आहेत हो. जरा पुढे बघून येते." पुढे बघून ती कधीच परत येत नसे. काकांना ते ठाऊक असे, आत्यालाही ते ठाऊक असल्याचं ठाऊक असे, आणि मी आपली खाली मान घालून चपलांचे अंगठे शोधत असे. दुकानाच्या दारातून बाहेर पडेपर्यंत पाठीत काकांची नजर रुतायची.

तर 'खुशाल बघा' ही गोष्ट कुणीतरी मुद्दाम घडवावी लागते, आणि जिथं ती घडली त्या जागांपैकी एक नेमकी ही, मेसीजच्या आधी मार्शल फील्डचं दुकान असलेली. पॉटर पामर नावाचा व्यापारी १८५२ साली शिकागोला आला. तेव्हा बाजार भरायचा तो लेक स्ट्रीटवर, नदीच्या काठानं. नदीला वास, रस्त्यात चिखल. पामरनं कापडाचं दुकान टाकलं आणि बायकांना सांगितलं, घरी न्या, पसंत पडलं नाही तर परत आणा. गावातल्या इतर व्यापाऱ्यांना तो वेडा वाटला असणार. पुढे १८६५ मध्ये त्यानं धंदा मार्शल फील्ड आणि लिवाय लायटर या दोघांच्या गळ्यात घातला आणि स्वतः जमिनीकडे वळला. स्टेट स्ट्रीट म्हणजे तेव्हा अरुंद, कळकट रस्ता. त्याची पाऊण मैलभर जागा याने विकत घेतली, रस्ता रुंद व्हावा म्हणून इमारती मागे सरकवल्या, वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर संगमरवरी दुकान बांधलं आणि १८६८ मध्ये फील्ड-लायटरना तिथं भाड्यानं आणून बसवलं. ते आले तसे बाकीचे आले. अख्खा बाजार एका माणसानं उचलून दुसऱ्या रस्त्यावर ठेवला.

तीन वर्षांत, १८७१ च्या आगीत, सगळं भस्म झालं. पामरचं नवंकोरं हॉटेल उघडून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. फील्ड-लायटरनी वाचवता आला तेवढा माल उचलला आणि काही आठवड्यांत घोड्यांच्या ट्रामच्या तबेल्यात दुकान मांडलं. तबेल्यात रेशीम विकत घ्यायला आलेल्या बायकांचं चित्र मला फार आवडतं. त्यांनी नाक दाबलं असेल का? पण आल्या. १८७७ मध्ये दुकान पुन्हा जळलं, पुन्हा उभं राहिलं. १८८१ मध्ये लायटर बाहेर पडला आणि उरलं ते मार्शल फील्ड अँड कंपनी.

खरी गंमत मात्र हॅरी सेल्फ्रिजनं केली. फील्डच्या गोदामातल्या साध्या कामापासून चढत तो किरकोळ विक्रीचा प्रमुख झाला. उंच फळ्यांवरचा माल त्यानं खाली टेबलांवर आणून ठेवला, म्हणजे गिऱ्हाइकानं स्वतः हात लावून बघावं. स्वस्त मालाचं तळघर वाढवलं. वाचायला, पत्रं लिहायला, नुसतं टेकायला खोल्या केल्या. त्या काळी बरोबर पुरुष नसलेल्या बाईला शहरात जेवायची सोय जवळजवळ नव्हती, त्यामुळे दुपारी भूक लागली की बायका घरी जात आणि खरेदी अर्धी राही. टोप्यांच्या विभागातल्या हेरिंगबाईंनी अशाच एका भुकेल्या गिऱ्हाइकाला आपल्या डब्यातला चिकन पॉट पाय, म्हणजे कोंबडीचं सारण भरून भाजलेला पदार्थ, खाऊ घातला, अशी कथा आहे. त्यातून १८९० मध्ये दुकानात टी-रूम निघाली. तो पॉट पाय हेरिंगबाईंच्या नावानं अजून सातव्या मजल्यावरच्या वॉलनट रूममध्ये मिळतो. (मी अंडंसुद्धा खात नाही, त्यामुळे वासावरच बोलतेय. वास चांगला येतो.)

हाच सेल्फ्रिज पुढे लंडनला गेला. तिथल्या एका दुकानात 'नुसतं बघतोय' म्हटल्यावर त्याला चालते व्हा म्हणून सांगितलं, असं म्हणतात. १९०९ मध्ये त्यानं लंडनमध्ये स्वतःचंच दुकान काढलं. त्याला आत्याकडे धाडलं असतं तर एवढा खर्च वाचला असता.

पाऊस थांबेना, तेव्हा मी छताखाली जाऊन उभी राहिले. हे छत म्हणजे टिफनीच्या कारागिरांनी १९०७ साली जडवलेला काचांचा घुमट, सुमारे सोळा लाख तुकड्यांचा. निळं-सोनेरी. मान दुखेपर्यंत बघावं, पैसे पडत नाहीत. खाली बुटांचा सेल चालू होता. बुटांकडे बघत होते तीन-चार जण, वर बघत होतो आम्ही निदान दहा. अशानं दुकान कसं चालायचं, हा प्रश्न मनात आलाच. पण सगळा रस्ताच या बघ्यांवर चालला होता. दुकानाच्या कोपऱ्यावर लोक एकमेकांची वाट बघत थांबत, चुकामूक झाली की काचेच्या चौकटीत चिठ्ठ्या खोचून ठेवत. ते पाहून फील्डनं १८९७ मध्ये तिथं घड्याळ लावलं, असं सांगतात. जवळजवळ आठ टनांचं, काशाचं. नंतर रँडॉल्फ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्याचं जुळं भावंड आलं. घड्याळाखाली भेटू, एवढं सांगितलं की शिकागोत वेगळा पत्ता सांगावा लागत नसे. नाताळात काचेआडची हलती चित्रं बघायला लोक पोराबाळांना घेऊन गाडीनं येत, गर्दीत धक्के खात खिडक्यांची रांग संपवत.

मग ते येईनासे झाले. का, ते मला कुणी सांगायला नको, मी शॉमबर्गवाली, म्हणजे शिकागोच्या उपनगरातली. आमच्या इथला वुडफील्ड मॉल १९७१ चा, आणि त्यात पहिल्यापासून फील्डचंच दुकान होतं. त्याआधी १९५६ मध्ये स्कोकी या दुसऱ्या उपनगरातलं ओल्ड ऑर्चर्ड हे खरेदी केंद्रही त्यांनीच काढलं. गिऱ्हाईक उपनगरात गेलं, दुकान मागोमाग. शहरानं घाबरून १९७९ मध्ये स्टेट स्ट्रीटवर मोटारींना बंदी केली. फक्त बसेस ठेवल्या, फुटपाथ ऐसपैस केले, झाडं लावली. म्हणजे बाजारालाच मॉल करायला निघाले. त्या रुंद फुटपाथवर उरलीसुरली माणसं आणखीच विरळ दिसायला लागली. बाजारात थोडं अंग घासलं गेलं पाहिजे, या मताची मी आहे. दिवाळीआधीच्या रविवारी लक्ष्मी रोडवर ज्यानं पाऊल घातलंय त्याला वेगळं सांगायला नको. गोल्डब्लॅट्स, सीअर्स, वीबोल्ट्स ही तिथली मोठी दुकानं एकामागून एक बंद झाली. अखेर १९९६ मध्ये शहरानं फुटपाथ पुन्हा अरुंद केले आणि मोटारी परत आणल्या. पामरनं रस्ता रुंद करून बाजार आणला होता. तो टिकवायला तोच रस्ता आवळावा लागला.

२००६ च्या सप्टेंबरात फील्डचं नाव जाऊन मेसीज आलं, तेव्हा लोक घड्याळाखाली फलक घेऊन उभे राहिले. दुकानाच्या नावासाठी मोर्चा! कोपऱ्यावरच्या जुन्या पाट्या मात्र काढल्या नाहीत. हिरवट पडलेल्या अक्षरांत अजून 'मार्शल फील्ड अँड कंपनी'च आहे. पाऊस ओसरल्यावर मी त्या वाचत रँडॉल्फच्या कोपऱ्याला आले आणि नेहमीची माझी पंचाईत झाली.

बाईसाहेबांना हवं ते द्या, हे फील्डचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य. बाईसाहेबांना द्या, काउंटरपलीकडच्या मुलींना काय द्यायचं याबद्दल तो इतका उदार नव्हता. संघटना त्याला खपत नसे. आणि या रँडॉल्फ स्ट्रीटनं सरळ पश्चिमेला चालत सुटलं, नदी ओलांडली, की मैलभराच्या आत हेमार्केट येतं. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी संप सुरू झाला, ४ तारखेला तिथल्या सभेत बॉम्ब पडला, आणि तो कुणी टाकला हे सिद्ध न होताच आठ जण दोषी ठरले. त्यांपैकी सात जणांची फाशी रद्द व्हावी का, यावर शहरातले बडे व्यापारी एकत्र बसले होते. काही जण दयेच्या बाजूनं झुकत होते. फील्डनं ठाम विरोध केला. त्याच्यासमोर बाकीच्यांचा आवाज निघाला नाही. ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फासावर चढवलं.

आपल्याकडे १ मेला सुट्टी असते, महाराष्ट्र दिनाची आणि कामगार दिनाची मिळून. अमेरिकेचा कामगार दिन सप्टेंबरात. १ मेला स्टेट स्ट्रीटवरची दुकानं नेहमीच्या वेळेला उघडतात.