बाकड्यावर बसलेलं उत्तर

गेल्या महिन्यात माझ्या पॅप स्मिअरच्या (पिशवीच्या तोंडाच्या पेशी पुसून घेऊन करतात ती तपासणी) रिपोर्टवर ‘एलएसआयएल’ आलं. पिशवीच्या तोंडाच्या पेशींत सौम्य बदल, कॅन्सर नव्हे, असं डॉक्टर मॅडमनी आधीच सांगून टाकलं. मग प्रश्न सुरू झाले.

लग्न कितव्या वर्षी? १९व्या. बाळंतपणं? ३. (माझं माहेर कागलकडचं, तिथं आमच्या आईला हे कमीच वाटलेलं.) गर्भनिरोधक गोळ्या? ६ वर्षं. सिगारेट, तंबाखू? एचआयव्ही? नाही, नाही. वाटलं, कुणीतरी माझ्या चारित्र्याची वही तपासतंय.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘मूळ कारण एचपीव्ही विषाणू. संबंध आलेल्या बहुतेकांना तो कधीतरी होतोच, आणि बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपसूक जातो. ज्यांच्यात मुक्काम ठोकतो, त्यांच्या पेशी बिघडतात.’ ‘मी जे जे विचारलं, ते सगळं त्याच्या मुक्कामाची सोय करतं,’ मॅडम म्हणाल्या. कोवळ्या वयात तिथल्या पेशी नाजूक असतात. ५ वर्षांहून जास्त गोळ्या, ३ किंवा जास्त बाळंतपणं, कमी प्रतिकारशक्ती यांनी धोका वाढतो. सिगारेटमधलं निकोटिन तर पिशवीच्या तोंडाच्या स्रावातसुद्धा सापडतं!

‘आणि मिस्टरांचे लग्नाआधी कुणाशी संबंध?’

मला काय ठाऊक? हे बाहेर बाकड्यावर मोबाईल बघत बसलेले. प्रश्न त्यांचा, परीक्षेला मी.

मग कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी झाली. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगरसारखं औषध लावतात, बिघडलेली जागा पांढरी दिसते. थोडं झोंबलं, एवढंच. तिथून काढलेला तुकडा तपासून आला, तोही सौम्यच. वर्षानं परत यायचं.

जाऊबाईंचा फोन आलाच. ‘काढूनच टाक की गं पिशवी, कटकट नको.’ आमच्याकडं पिशवी काढणं म्हणजे जुना माठ बाहेर ठेवण्याइतकं सोपं झालंय. असे सौम्य बदल बहुतेकदा आपोआप जातात, हे त्यांना तीनदा सांगितलं. पटलं नाही.

धाकटी १३ वर्षांची आहे. तिला एचपीव्हीची लस द्यायचं ठरवलंय. १५च्या आत सुरू केली तर २ डोस पुरतात.

त्या दिवशी परतताना गाडीवर ह्यांनी विचारलं, ‘आत एवढा वेळ काय विचारत होत्या?’

‘तुमच्याबद्दल पण विचारलं.’

कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यापाशी गाडी थांबली. दोन ग्लास घेतले. हे म्हणाले, ‘पुढच्या वेळी मी आत येतो.’ नक्की काय सांगणार आहेत, ते मी विचारलं नाही.