हशाची जागा

१४ मार्च २०२५, शुक्रवार. धुळवड.

दुपारी दाजीबा वीराची मिरवणूक बघायला जुन्या नाशकात गेलो. बाशिंग बांधलेला वीर, पुढे वाजंत्री, आजूबाजूला नवस फेडणाऱ्यांची रेटारेटी. रामकुंडापर्यंत काही गेलो नाही, ऊन फार. आपल्याकडे रंग रंगपंचमीला, रहाडीत, म्हणजे जमिनीतल्या रंगाच्या हौदात. त्यामुळे धुळवड असून कोरड्या कपड्यांनी घरी.

चहा घेताना आठवलं, आज दादा कोंडक्यांची पुण्यतिथी. १९९८ साली गेले. आईला म्हटलं, ‘पांडू हवालदार’ लावू का? म्हणाली, "लाव, पण आवाज कमी ठेव. शेजारी काय म्हणतील." सिनेमा १९७५चा. पन्नास वर्षं झाली, शेजारी अजून तिथंच.

"मी नाही हो बघितलेला," हेही तिनं आधीच सांगून टाकलं. "आमच्या अण्णांना असले सिनेमे चालायचे नाहीत."

‘सोंगाड्या’ (१९७१) दादांची निर्मिती, पण दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. स्वतः दिग्दर्शन केलं ते ‘पांडू’पासून. आज बघताना सुरुवातीला सिनेमा रेंगाळल्यासारखा वाटला. विनोद होतो आणि पुढचं वाक्य येतच नाही. दादा नुसते तोंड उघडं टाकून बावळटासारखे उभे. आमच्या हॉलमध्ये तेवढा वेळ पंख्याची घरघर. दोन-तीनदा असं झाल्यावर ट्यूब पेटली: अरे, ही जागा हशासाठी सोडलीय! शिट्ट्यांसाठी.

‘विच्छा माझी पुरी करा’ ह्या वगनाट्याचे शेकडो प्रयोग केलेला माणूस. वगात पब्लिक हसून होईस्तोवर थांबावं लागतं, आणि प्रत्येक गावचं हसणं वेगळं. सिनेमात समोर कोणीच नाही, सगळं अंदाजानं. लोक त्यांच्या द्वयर्थी संवादांवर बोलत बसतात, ह्या थांबण्याबद्दल कोणी बोलत नाही. (नंतरचे हिंदी सिनेमे मात्र मला अर्ध्यावर बंद करावे लागले. तिथं नुसताच चावटपणा उरलाय.) ओळीनं नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी, गिनीज बुकात नोंद, हे सगळे सांगतात.

आणि अशोक सराफ! निर्माता आपण, दिग्दर्शक आपण, नायकही आपण. तरी सखाराम हवालदाराला दादांनी असा मोकळा सोडलाय की कित्येकदा हशा तोच पळवतो. राम-लक्ष्मण हे नावही संगीतकार जोडीला दादांनीच दिलं, ह्याच सिनेमापासून.

मध्यंतरानंतर एका प्रसंगात आई फिस्सकन हसली. दादांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मी वळून बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"मॅटिनीला गेलो होतो आम्ही चौघी," म्हणाली. "अण्णांना शिवणाच्या क्लासला जातो म्हणून सांगितलं होतं. वाढव जरा आवाज."