एमआरआयचा रिपोर्ट वाचण्याआधी पाय तपासा

कंबरेचा एमआरआय काढला की रिपोर्टमध्ये काही ओळी हमखास येतात: डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅक इंडेंटेशन. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा मजूर असो, नाहीतर चोपड्याकडे दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई, हे शब्द ऐकून घरचे हादरतात आणि ऑपरेशनच्याच गोष्टी सुरू होतात. डेसिकेशन म्हणजे मणक्यांमधल्या गादीतलं पाणी कमी झालं, म्हणून टी-२ या प्रकारच्या एमआरआय फिल्मवर ती काळी दिसते. बल्ज म्हणजे गादी सगळीकडून थोडी फुगली. थीकल सॅक इंडेंटेशन म्हणजे त्या फुगीचा नसांच्या पिशवीवर थोडा दाब. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली मांडलेला अभ्यास सांगतो, की विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत गादीची झीज दिसते. तेव्हा नुसत्या या ओळींवरून काही ठरत नाही.

ठरतं ते पाय आणि फिल्म जुळतात का यावर. कंबरेत पाच मणके, वरून खाली एल१ ते एल५; त्यांच्या खालचा पहिला एस१. गादी सरकते ती बहुतेक वेळा एल४-एल५ किंवा एल५-एस१ या जागी. एल४-एल५ची गादी मागे बाजूला सरकली, तर खाली जाणारी एल५ नस दबते. मग कळ नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्यापर्यंत जाते. अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो, टाचेवर चालता येत नाही. एल५-एस१ला एस१ नस दबते: मुंग्या पोटरीतून करंगळीकडे, चवड्यावर उभं राहणं अवघड. पण हीच एल४-एल५ची गादी अगदी कडेला, नस बाहेर पडते तिथे सरकली, तर वरची एल४ दबते, आणि दुखणं मांडी-गुडघ्याकडे जातं. म्हणून रिपोर्टमधले ‘पॅरासेंट्रल’ (मागे बाजूला) आणि ‘फोरॅमिनल’ (नस बाहेर पडते तिथे) हे शब्द, आणि उजवी-डावी बाजू, नीट वाचायला हवी. रिपोर्ट डावीकडे दाब सांगतो आणि कळ उजव्या पायात आहे, तर ते कारण नव्हे.

‘एक्स्ट्रुजन’, म्हणजे गादीचा तुकडा बाहेर येणं, हे बल्जपेक्षा मोठं, तरी बाहेर आलेला तुकडा काही महिन्यांत आपोआप आकसतो, असं बरेचदा घडतं. पायातली ताकद शाबूत असेल, तर सहा आठवडे गोळ्या, हलकं चालणं आणि फिजिओथेरपीला देणं योग्यच. आडवं पडून राहिल्याने मात्र नुकसानच होतं.

एक गोष्ट आमच्या भागात विसरू नये: मणक्याचा टीबी. दोन शेजारचे मणके आणि मधली गादी एकत्र खराब, बाजूला पू, संध्याकाळी ताप, वजनात घट. असा रिपोर्ट असेल तर मालीश, मणका ‘बसवणं’ अजिबात नको. कॉन्ट्रास्ट एमआरआय (शिरेतून औषध देऊन काढलेला) आणि सुईने नमुना घेऊन तपासणी, मग टीबीची औषधं.

लघवी अडकली, किंवा सायकलच्या सीटला टेकते ती जागा बधिर झाली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर वेळ तासांत मोजायची. धडगाव-अक्कलकुव्याकडून निघायला रात्र झाली तरी सकाळची वाट पाहू नका. वाटेतल्या छोट्या दवाखान्यात सलाईन लावून वेळ घालवू नका; एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही जिथे होते, तिथे आधी फोन करून थेट जा.