कॉन्झर्व्हेशन एरियातल्या घराच्या खिडक्या बदलताना

इंग्लंडमधलं आमचं घर व्हिक्टोरियन काळातलं, एका ओळीत खेटून बांधलेल्या घरांपैकी. रस्त्याकडच्या चारही सॅश खिडक्या, म्हणजे दोरी आणि वजनांवर वर-खाली सरकणाऱ्या, मूळच्याच होत्या. त्यातल्या दोन खालून इतक्या कुजलेल्या की बोटाने दाबलं तरी भुगा निघायचा. त्या दोन बदलायच्या, उरलेल्या दोन दुरुस्त करायच्या, असं सुताराशी ठरलं.

आमचा भाग कॉन्झर्व्हेशन एरिया, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) राखलेला. एरवी अशा भागातही राहत्या घराला तशाच दिसणाऱ्या खिडक्या कौन्सिलकडे परवानगीचा अर्ज न करता बसवता येतात. आमच्या रस्त्यावर मात्र 'आर्टिकल ४' लागू आहे, म्हणजे ती सवलत काढून घेतलेली. तुमच्या रस्त्याचं काय आहे ते कौन्सिलकडे आधी बघून घ्या. फ्लॅटला तर ती सवलत मुळातच नसते.

अर्ज केला, फी भरली. ८ आठवड्यांत निर्णय येतो म्हणून सुताराला तारीखही देऊन टाकली. पण ते ८ आठवडे अर्ज पाठवल्यापासून मोजत नाहीत, तो 'व्हॅलिड', म्हणजे कागदपत्रं पूर्ण आहेत असं, ठरल्यापासून मोजतात. आमचा काही केल्या ठरेना. बाराव्या दिवशी मेल आली: नकाशावर घराची हद्द दाखवणाऱ्या लाल रेषेत मागचं अंगण आलेलं नाही. तो बदलून दिला. दहा दिवसांनी दुसरी मेल: खिडकीचा आडवा-उभा छेद १:५ प्रमाणात हवा. तोही दिला. आणखी दोन आठवड्यांनी तिसरी: त्याच चित्रात जुन्या खिडकीचीही मापं दाखवा. अहो, हे तिन्ही पहिल्याच मेलमध्ये सांगायला काय हरकत होती? पाच आठवडे यातच गेले. तोवर पावसाळी वारा सुरू झाला आणि आम्ही रोज रात्री खिडकीच्या तळाशी टॉवेल गुंडाळून ठेवायचो. तो राग अजून गेलेला नाही. म्हणून सांगते, पहिली मेल आली की लगेच फोन करा आणि आणखी काय काय लागेल ते एकदमच लेखी मागून घ्या.

तिसरी मागणी मात्र रास्त होती. जुन्या खिडकीत काचांमधली लाकडी पट्टी भरली १८ मिलिमीटर, आणि ज्या कंपनीचं कोटेशन घेतलं होतं तिची २८. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तेव्हा नव्या खिडकीचा जाडेपणा डोळ्यात भरला. मग आमच्या सुतारानेच पुठ्ठा कापून जुन्या पट्टीचा साचा घेतला आणि पातळ डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) बसेल अशी खिडकी घडवली. ती बघताना मला आजही अभिमान वाटतो.

अर्ज व्हॅलिड ठरल्यानंतर सहाव्या आठवड्यात मंजुरी आली.

हो, वजनांचं राहिलंच. डबल काच जड असते, जुनी लोखंडी वजनं तिला पुरत नाहीत. आम्हाला शिशाची घालावी लागली. त्याचे पैसे आधीच कोटेशनमध्ये धरायला सांगा. बिल्डिंग कंट्रोलचं, म्हणजे काम बांधकामाच्या नियमांत बसतं असं, प्रमाणपत्रही या परवानगीत येत नाही, ते वेगळं घ्यायचं. घर विकताना वकील ते मागतात.

आणि त्रास फक्त थंडीचा असेल, लाकूड धड असेल, तर आतून दुसरी काच बसवून घ्या. घर लिस्टेड (संरक्षित वास्तूंच्या यादीतलं) नसेल तर त्याला सहसा परवानगी लागत नाही. उरलेल्या दोन खिडक्यांना आम्ही तेच केलं, एका दिवसात.